एक सहायक, दोन डॉक्टर : दुसऱ्या नोकरीत जबाबदारी कोणाची?

चिखलदरा : दिवसा शासकीय आरोग्य केंद्रात आणि रात्री खासगी रुग्णालयात काम करणारे वैद्यकीय कर्मचारी महाराष्ट्रातील कोणत्याही शहराला नवे नाहीत. शहरातील खासगी रुग्णालयांची रात्रपाळी अनेकदा अशाच मनुष्यबळावर चालते. हा कर्मचारी स्वतंत्र डॉक्टर नसून डॉक्टरांच्या देखरेखीखाली उपचार करणारा सहायक असेल, तर मात्र दुसऱ्या नोकरीचा प्रश्न केवळ वेळेचा आणि पगाराचा राहत नाही. त्याच्या हातून होणाऱ्या उपचाराचा अधिकार ज्या डॉक्टरांकडून येतो, ते डॉक्टर दुसऱ्या ठिकाणी वेगळे असतात. पहिल्या डॉक्टरांनी दिलेली मुभा दुसऱ्या दवाखान्यात चालते का? चूक झाली तर उत्तर कोणी द्यायचे? आणि रात्रभर जागलेला सहायक सकाळी डोंगरातल्या उपकेंद्रात कोणत्या अवस्थेत पोहोचतो? मेळघाटासारख्या भागात या प्रश्नांची उत्तरे रुग्णाच्या जिवाशी निगडित आहेत.

अमेरिकेत अशा सहायकांना 'फिजिशियन असिस्टंट' म्हणतात. तेथे त्यांच्या दुसऱ्या नोकरीविषयीचे संकेत बरेच स्पष्ट आहेत. भारतात हे पद अद्याप मोठ्या शहरांतील रुग्णालयांपुरतेच परिचित आहे. तथापि डॉक्टरांच्या वतीने, डॉक्टरांच्या नजरेखाली काम करणारे मधल्या फळीतील कर्मचारी आपल्याकडे वेगवेगळ्या नावांनी वर्षानुवर्षे कार्यरत आहेत. चिखलदरा आणि धारणी हे अमरावती जिल्ह्यातील दोन तालुके तर प्रामुख्याने त्यांच्याच भरवशावर आहेत.

पद कसे निर्माण झाले?

डॉक्टरांच्या तुटवड्यावर उपाय म्हणून अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यातील ड्यूक विद्यापीठात डॉ. युजीन स्टेड यांनी १९६५ मध्ये हा अभ्यासक्रम सुरू केला. नौदलात वैद्यकीय सेवेचा अनुभव घेतलेल्या चार माजी सैनिकांना पहिल्या तुकडीत प्रवेश मिळाला आणि १९६७ मध्ये त्यांपैकी तिघे उत्तीर्ण होऊन बाहेर पडले. रुग्णाचा इतिहास घेणे, तपासणी करणे, ठरलेल्या मर्यादेत औषध देणे, शस्त्रक्रियेत साह्य करणे ही कामे या सहायकाने करावीत आणि अंतिम जबाबदारी डॉक्टरांची असावी, अशी मूळ कल्पना होती. आज अमेरिकेत असे दीड लाखांहून अधिक सहायक आहेत.

तेथील बहुतेक राज्यांत सहायक आणि डॉक्टर किंवा संस्था यांच्यातील कामाची चौकट लेखी असते. काही राज्यांनी अलीकडे हे बंधन सैल केले आहे. जेथे लेखी कराराची अट आहे, तेथे सहायकाने दुसऱ्या दवाखान्यात काम स्वीकारल्यास पहिला करार सहसा त्याच्या कामी येत नाही. दुसऱ्या डॉक्टरांशी वेगळा करार करावा लागतो आणि तेथे कोणती कामे करायची हे नव्याने ठरवावे लागते. हृदयरोग विभागात पाच वर्षे काम केलेला सहायक रविवारी अपघात विभागात उभा राहिला, तर हृदयरोगतज्ज्ञांनी त्याच्यावर टाकलेला विश्वास तेथे आपोआप लागू होत नाही, हे त्यामागचे साधे तत्त्व आहे. पहिल्या मालकाने उतरवलेला व्यावसायिक दायित्वाचा विमाही सामान्यतः बाहेरच्या कामाला संरक्षण देत नाही.

ब्रिटनमध्ये हे पद २००० नंतरच्या दशकात आले. तेथे डिसेंबर २०२४ पासून या सहायकांवर जनरल मेडिकल कौन्सिलचे नियंत्रण सुरू झाले. जुलै २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेंग समितीच्या अहवालाने त्यांच्या नावातील 'असोसिएट' हा शब्द काढून 'असिस्टंट' असे म्हणावे आणि निदान न झालेल्या रुग्णाला त्यांनी ठरलेल्या चौकटीबाहेर तपासू नये, अशी शिफारस केली. डॉक्टर कोण आणि सहायक कोण हे रुग्णाला कळत नाही, ही तेथील प्रमुख तक्रार होती. ही तक्रार आपल्याकडेही अनोळखी नाही.

भारतातील वाट

भारतात या अभ्यासक्रमाची सुरुवात चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये १९९२ मध्ये झाली. हृदयशल्यविशारद डॉ. के. एम. चेरियन यांचा त्यात पुढाकार होता. हृदयशस्त्रक्रियेच्या विभागात प्रशिक्षित मदतनीस हवेत, ही त्यामागची निकड होती. त्यानंतर इतर राज्यांतही असे पदवी अभ्यासक्रम निघाले. पण या व्यवसायाची नोंदणी कोठे करायची, याचे उत्तर अनेक वर्षे मिळाले नाही.

२०२१ मध्ये संसदेने संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा संमत केला. त्याच्या अनुसूचीत 'फिजिशियन असोसिएट' या व्यवसायाला स्थान मिळाले. राष्ट्रीय आयोग, राज्य परिषदा आणि नोंदवही अशी रचना या कायद्यात आहे. २०२५ मध्ये आयोगाने काही व्यवसायांसाठी देशभर समान असे अभ्यासक्रम जाहीर केले, त्यांत याही व्यवसायाचा समावेश होता.

याच्या जोडीला दुसरा एक प्रवाह आहे. इंग्रजी अमदानीत पदवीऐवजी 'लायसन्शिएट' परवाना घेऊन व्यवसाय करणारे वैद्य मोठ्या संख्येने होते. १९४६ च्या भोर समितीने डॉक्टरांची एकच श्रेणी असावी अशी शिफारस केल्यावर ते अभ्यासक्रम बंद होत गेले. खेड्यांत डॉक्टर जाईनात, तेव्हा मधल्या फळीची कल्पना पुन्हा वर आली. छत्तीसगडने राज्यनिर्मितीनंतर तीन वर्षांचा अभ्यासक्रम काढून 'ग्रामीण वैद्यकीय सहायक' नेमले. आसामने २००४ मध्ये कायदा करून ग्रामीण आरोग्यसेवेची पदविका सुरू केली. गुवाहाटी उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये हा कायदा रद्द ठरवला आणि जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९ च्या कलम ३२ मध्ये मर्यादित परवान्याच्या 'सामुदायिक आरोग्य प्रदात्या'ची तरतूद आहे. प्राथमिक आणि प्रतिबंधात्मक सेवेपुरती काही ठरावीक औषधे त्याने स्वतंत्रपणे द्यावीत, त्यापलीकडची सर्व कामे नोंदणीकृत डॉक्टरांच्या देखरेखीखालीच करावीत, असे हे कलम सांगते.

मेळघाटातील मधली फळी

समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीवरील चिखलदरा हे पर्यटकांना थंड हवेचे ठिकाण म्हणून ठाऊक आहे. २०११ च्या जनगणनेनुसार तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख १९ हजार असून तीत कोरकू आदिवासींचे प्रमाण मोठे आहे. गावे डोंगरदऱ्यांत विखुरलेली, काही व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात. पावसाळ्यात नाल्यांना पूर आला की हतरूसारख्या भागाचा संपर्क तुटण्याची भीती असते. मोठी बाजारपेठ आणि खासगी दवाखाने म्हटले की परतवाडा-अचलपूर, सुमारे ३० किलोमीटर घाट उतरून. तज्ज्ञांची मोठी रुग्णालये त्याहून पुढे, अमरावतीत.

१९९३ मध्ये येथील बालमृत्यूंच्या बातम्यांनी राज्य हादरले. प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि तेथून पुढे अनेक वर्षे न्यायालयाने शासनाला जाब विचारला. १९९५ मध्ये आदिवासी भागासाठी नवसंजीवनी योजना आली. या योजनेत भरारी पथके आणि मानसेवी वैद्यकीय अधिकारी नेमण्यात आले. हे अधिकारी प्रामुख्याने बीएएमएस पदवीधर असून त्यांनी गावोगाव फिरून रुग्ण शोधावेत, असे अपेक्षित आहे.

२०१८ मध्ये केंद्राने उपकेंद्रांचे आरोग्यवर्धिनी केंद्रांत रूपांतर करण्याची घोषणा केली. २०२३ मध्ये या केंद्रांचे नाव 'आयुष्मान आरोग्य मंदिर' असे झाले. येथे समुदाय आरोग्य अधिकारी हे नवे पद निर्माण झाले. आयुर्वेद किंवा परिचर्या शाखेच्या पदवीधरांना सामुदायिक आरोग्याचे सहा महिन्यांचे प्रशिक्षण देऊन या पदावर नेमले जाते. महाराष्ट्राने आरंभी बीएएमएस पदवीधरांना प्राधान्य दिले. डोंगरी व आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि वीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा निकष आहे. उपकेंद्रातील अधिकाऱ्याने रक्तदाब, मधुमेह आणि काही कर्करोगांची प्राथमिक तपासणी करावी, डॉक्टरांनी ठरवून दिलेली औषधे पुढे चालू ठेवावीत आणि गंभीर रुग्ण वर पाठवावा. त्याच्यावरील वैद्यकीय देखरेख प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याची.

अमेरिकेतील फिजिशियन असिस्टंटशी आपल्याकडे सर्वाधिक साम्य असलेले पद हेच होय. आशा स्वयंसेविका, आरोग्यसेविका आणि आरोग्यसेवक हे त्याच साखळीतील पुढचे दुवे आहेत.

अशा फळीचा उपयोग होतो का, या प्रश्नाचे उत्तर विदर्भानेच दिले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांतील स्त्रियांना नवजात बाळांची घरी काळजी घेण्याचे प्रशिक्षण दिले. तेथील नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. मेळघाटात धारणीजवळ डॉ. आशिष सातव यांच्या 'महान' संस्थेनेही गावातील स्त्रियांना प्रशिक्षित करून घरोघरी बालआजारांवर उपचार पोहोचवले. या दोन्ही प्रयोगांत कमी शिकलेल्या हातांनी मोठे काम केले. पण त्या हातांमागे नेमकी नेमून दिलेली कामे होती आणि नियमितपणे येऊन तपासणारी नजर होती. देखरेख काढून घेतली की त्याच कामाचा अर्थ बदलतो.

पहिल्याच नोकरीत अनेक डॉक्टर

मेळघाटातील सहायकाला दुसऱ्या डॉक्टरांच्या हाताखाली काम करण्यासाठी दुसरी नोकरी धरावीच लागते असे नाही. पहिल्याच नोकरीत त्याचे डॉक्टर बदलत असतात.

न्यायालयीन पाठपुराव्यानंतर बालरोगतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ यांना इतर जिल्ह्यांतून पंधरा-पंधरा दिवसांसाठी मेळघाटात पाठवण्याची पद्धत सुरू झाली. तज्ज्ञ येतात ही जमेची बाजू. पण पंधरवड्यागणिक डॉक्टर बदलला की सूचनाही बदलू शकतात. एका तज्ज्ञाने तापातील बालकाला दोन दिवस गावातच ठेवून पाहण्याची मुभा दिली, दुसऱ्याने लगेच वर पाठवा असे सांगितले, तर सहायकाने कोणाचे ऐकावे? जाणाऱ्या डॉक्टरांनी येणाऱ्यासाठी लेखी टिपण ठेवले नसेल, तर सारी भिस्त सहायकाच्या स्मरणशक्तीवर राहते.

दूरसंवादाने या गुंत्यात भर घातली. 'ई-संजीवनी' या सेवेद्वारे उपकेंद्रातील अधिकारी रुग्णाला समोर बसवून दूरच्या डॉक्टरांचा सल्ला घेतो. पलीकडचा डॉक्टर दर वेळी तोच असेल याची खात्री नसते. मार्च २०२० च्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनुसार निदानाची आणि औषधोपचाराची जबाबदारी सल्ला देणाऱ्या नोंदणीकृत डॉक्टरांची आहे. आरोग्य कर्मचाऱ्याने दुवा म्हणून काम करावे. म्हणजे रुग्णापाशी जो बसला आहे त्याला निर्णयाचा अधिकार नाही आणि ज्याला अधिकार आहे त्याने रुग्णाला हात लावून पाहिलेले नाही. अशा वेळी कोणी काय सांगितले आणि काय केले याची नोंद हाच एकमेव आधार उरतो.

दुसरी नोकरी का?

समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला दरमहा २५ हजार रुपये ठोक मानधन आणि कामगिरीनुसार १५ हजारांपर्यंत प्रोत्साहन रक्कम, अशी रचना ठरवण्यात आली. प्रोत्साहनाची रक्कम निर्देशांकांवर अवलंबून असल्याने ती हाती येईपर्यंत भरवसा नसतो. राष्ट्रीय आरोग्य अभियानातील नेमणुका कंत्राटी असतात आणि ११ महिन्यांच्या कराराने चालतात. सेवेत कायम करण्याच्या मागणीसाठी या कर्मचाऱ्यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २०२५ मध्ये राज्यभर संप केला. घर परतवाड्यात किंवा अमरावतीत, मुलांची शाळा तेथेच आणि नोकरी डोंगरात, अशा कुटुंबाला शहरातील रात्रपाळीचे उत्पन्न हवेसे वाटले तर नवल नाही.

मागणीही आहे. खासगी रुग्णालयांना रात्री निवासी डॉक्टर लागतो. एमबीबीएस पदवीधर मिळत नाहीत किंवा परवडत नाहीत, तेव्हा बीएएमएस, बीएचएमएस पदवीधरांना 'आरएमओ' म्हणून बसवले जाते. मालक डॉक्टर घरी, आरएमओ वॉर्डात आणि दोघांमध्ये दूरध्वनी, ही शहरी वाचकालाही परिचित असलेली व्यवस्था आहे. कागदावर नाव काहीही असले तरी येथे बसलेला आरएमओ व्यवहारात दुसऱ्या डॉक्टरांच्या देखरेखीखालील सहायकच असतो.

नियम काय सांगतात?

राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू आहेत. त्यांतील नियम १६ नुसार शासनाच्या पूर्वपरवानगीशिवाय खासगी व्यापार किंवा अन्य नोकरी करता येत नाही. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांसाठी १९६७ चे स्वतंत्र वर्तणूक नियम आहेत. नियमित वैद्यकीय अधिकाऱ्यांना मूळ वेतनाच्या ३५ टक्के व्यवसायरोध भत्ता २०१२ पासून देण्यात आला आणि त्याबरोबर खासगी व्यवसायावर बंदी आली. भत्ता घेऊन संध्याकाळी दवाखाना थाटणे हा उघड नियमभंग ठरतो.

कंत्राटी कर्मचाऱ्याची स्थिती याहून संदिग्ध आहे. त्याला असा भत्ता मिळत नाही, निवृत्तिवेतन नाही आणि नोकरीची शाश्वतीही नाही. त्याच्यासाठी निर्णायक ठरते ते करारपत्र. पूर्णवेळ नेमणुकीच्या करारात अन्यत्र काम न करण्याची आणि मुख्यालयी राहण्याची अट सहसा असते. ती असेल तर कामाची वेळ संपल्यानंतरची नोकरीही कराराचा भंग ठरू शकते. सही करताना हे कलम न वाचणे ही सर्वत्र आढळणारी सवय आहे.

खासगी रुग्णालयात पूर्णवेळ काम करणाऱ्या सहायकाला शासकीय वर्तणूक नियम लागू नाहीत. त्याच्या बाबतीत नियुक्तिपत्रातील अट हाच नियम. ती नसली तरी दुसऱ्या नोकरीची माहिती पहिल्या डॉक्टरांपासून लपवणे शहाणपणाचे नाही. देखरेख करणाऱ्या डॉक्टरांना आपल्या सहायकाच्या क्षमतेबरोबर त्याची झोप झाली आहे की नाही, हेही ठाऊक असायला हवे.

अधिकार पदाबरोबर येतो

सर्वाधिक गैरसमज या मुद्द्यावर आहे. 'मला हे येते' आणि 'मला हे करण्याचा अधिकार आहे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उपकेंद्रातील अधिकारी शासनाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार आणि वैद्यकीय अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली काही औषधे देतो. हा अधिकार त्या पदाचा आणि त्या व्यवस्थेचा आहे. तोच परिचर्या पदवीधर परतवाड्याच्या खासगी दवाखान्यात संध्याकाळी बसला, तर उपकेंद्रातील मुभा घाटाच्या वरच राहते. खाली त्याच्याकडे केवळ परिचारकाचे अधिकार असतात.

आयुर्वेद पदवीधरांचे प्रकरण थोडे वेगळे आहे. त्यांची स्वतःची वैद्यकीय नोंदणी असते आणि १९९२ च्या अधिसूचनेने महाराष्ट्रात त्यांना त्यांच्या प्रशिक्षणाच्या मर्यादेत आधुनिक औषधे वापरण्याची मुभा दिली. होमिओपॅथी पदवीधरांसाठी २०१४ च्या कायदादुरुस्तीनंतर आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आला. त्यांच्या नोंदणीवरून उठलेला वाद २०२५ मध्येही धगधगत होता.

न्यायालयाची दृष्टी मात्र जुनी आणि स्पष्ट आहे. पूनम वर्मा विरुद्ध अश्विन पटेल या मुंबईतील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये निकाल दिला. होमिओपॅथीची नोंदणी असलेल्या डॉक्टरांनी रुग्णाला आधुनिक औषधे दिली होती आणि रुग्ण दगावला. जी शाखा आपण शिकलो नाही त्या शाखेचा उपचार करणे हाच निष्काळजीपणा आहे, तो वेगळा सिद्ध करण्याची गरज नाही, असे न्यायालयाने ठरवले आणि तीन लाख रुपये भरपाईचा आदेश दिला.

चूक झाली तर?

१९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली. तेव्हापासून सशुल्क उपचारांबाबत रुग्ण ग्राहक मंचाकडे दाद मागू शकतो. कर्मचाऱ्याच्या चुकीसाठी त्याला कामावर ठेवणारी संस्थाही जबाबदार धरली जाते. पात्रता नसलेल्या व्यक्तीला वैद्यकीय काम सोपवणाऱ्या डॉक्टरांवर राज्य वैद्यकीय परिषद कारवाई करू शकते.

दोन नोकऱ्या करणाऱ्याच्या बाबतीत याचा अर्थ असा की रात्री झालेल्या चुकीला सकाळचे डॉक्टर बांधील नाहीत आणि सकाळच्या चुकीला रात्रीचे. शासकीय नोकरीतील संरक्षण खासगी वॉर्डात सोबत येत नाही. खासगी रुग्णालयाचा विमा असला तरी त्यात आरएमओचे नाव आहे का, हे पाहावे लागते. ज्याचे नाव कोणत्याच विम्यात नाही आणि ज्याच्या कामाचा कोणताच कागद नाही, तो प्रसंग ओढवल्यावर एकटा पडतो. हजेरीपट दोन्हीकडचे असतील आणि वेळा एकमेकींवर चढलेल्या असतील, तर मूळ नोकरीही धोक्यात येते.

थकव्याचा हिशेब

कागदांइतकाच शरीराचाही विचार हवा. बारा तासांच्या रात्रपाळीनंतर घाट चढून उपकेंद्र गाठणारा कर्मचारी सकाळी नऊ वाजता बाह्यरुग्ण विभागात बसला, तर नोंदवहीत तो हजर असतो. पण बाळाच्या श्वासाचा वेग घड्याळ लावून मोजणे, गर्भवतीच्या पायावरील सूज दाबून पाहणे, रक्तदाबाचा आकडा संशयास्पद वाटला म्हणून पुन्हा घेणे, ही सारी कामे जागृत मनाची आहेत. न्यूमोनियाचे पहिले लक्षण बहुधा अशाच मोजणीत सापडते.

शहरात एका सहायकाची चूक दुसऱ्याच्या लक्षात येण्याची शक्यता असते. शेजारी परिचारिका असते, पुढच्या पाळीचा डॉक्टर येतो, नातेवाईक दुसरे मत घेतात. उपकेंद्रात दुसरे मत डोंगरापलीकडे असते. शिवाय मुख्यालयी न राहणाऱ्या कर्मचाऱ्याच्या अनुपस्थितीत रात्री दार बंद दिसले, तर माणसे भुमकाकडे, म्हणजे परंपरागत वैद्याकडे वळतात. त्यांना अंधश्रद्ध म्हणून दोष देण्याआधी ते दार का बंद होते, हे विचारले पाहिजे.

बैरागडला अनेक दशके सेवा देणारे डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांना २०१९ मध्ये पद्मश्रीने गौरवण्यात आले. त्यांच्या त्यागाची थोरवी निर्विवाद आहे. मात्र एका दांपत्याचा ध्येयवाद हा हजारो कंत्राटी कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींना पर्याय होऊ शकत नाही.

दुसरे काम स्वीकारण्यापूर्वी

कायदा आणि अनुभव यांच्या आधारे सहायक, डॉक्टर आणि रुग्णालये यांनी पुढील बाबी तपासणे हिताचे ठरेल.

१. मूळ नोकरीचे करारपत्र संपूर्ण वाचावे. अन्यत्र काम करण्यास मनाई असेल तर तोंडी होकारावर विसंबू नये. परवानगी मागायची ती लेखी आणि काम सुरू करण्यापूर्वी.

२. दुसऱ्या ठिकाणी देखरेख करणारे डॉक्टर नेमके कोण, हे नावानिशी ठरवावे. ते रजेवर असतील तेव्हा कोणाला विचारायचे, हेही लिहून घ्यावे.

३. कोणती कामे करायची, कोणती डॉक्टर आल्याशिवाय करायची नाहीत आणि कोणत्या लक्षणांवर त्यांना झोपेतून उठवायचे, याची यादी दोघांच्या सहीने असावी. पहिल्या नोकरीतील यादीची नक्कल चालत नाही.

४. आपली नोंदणी कोणत्या परिषदेची आहे आणि ती या कामाला पुरते का, हे पाहावे.

५. दायित्व विम्यात स्वतःचे नाव आणि कामाचे ठिकाण नमूद आहे का, हे तपासावे.

६. दूरध्वनीवरून मिळालेली प्रत्येक सूचना वेळेसह केसपेपरवर लिहावी आणि डॉक्टर आल्यावर त्यावर त्यांची सही घ्यावी.

७. दोन पाळ्यांमध्ये झोपेपुरते अंतर असावे. प्रवासाचा वेळ विश्रांतीत धरू नये.

८. एका ठिकाणचे रुग्ण दुसऱ्या ठिकाणी वळवू नयेत. शासकीय केंद्रात आलेल्या रुग्णाला आपण रात्री बसतो त्याच खासगी दवाखान्यात पाठवणे, हा दुसऱ्या नोकरीतील सर्वांत मोठा मोह असून सर्वांत गंभीर दोषही तोच आहे.

रुग्णांनीही दोन प्रश्न विचारण्यास संकोच करू नये. 'आपण डॉक्टर आहात की डॉक्टरांचे सहायक?' आणि 'आपले डॉक्टर कोण, ते केव्हा येतील?' पांढरा कोट आणि गळ्यातील स्टेथोस्कोप ही या प्रश्नांची उत्तरे नव्हेत. शहरातील सुशिक्षित रुग्णालाही रात्री दोन वाजता हे विचारणे जमत नाही. मराठीही जेमतेम समजणाऱ्या कोरकू मातेला ते जमेल, अशी अपेक्षा धरता येत नाही. म्हणून तिच्या वतीने हा प्रश्न व्यवस्थेनेच स्वतःला विचारायला हवा.

बंदी पुरेशी नाही

दुसऱ्या नोकरीवर सरसकट बंदी घालणे सोपे आहे. ती अंमलात आणणे अवघड आहे आणि मानधन, निवास व नोकरीची शाश्वती यांचा विचार न करता ती लादणे अन्यायाचेही आहे. उलट सर्व काही चालू द्यायचे आणि चूक झाली की सर्वांत खालच्या कर्मचाऱ्याला निलंबित करायचे, हा प्रकारही न्याय्य म्हणता येणार नाही. या दोहोंमध्ये तिसरा मार्ग आहे. सहायकाच्या प्रत्येक कामामागे एक नाव असलेला डॉक्टर, त्या डॉक्टरांची लेखी सूचना आणि दोघांनाही माहीत असलेली मर्यादा, एवढे तरी प्रत्येक नोकरीत असावे, मग ती पहिली असो वा दुसरी.

सहायक हा डॉक्टरांचा लांबवलेला हात आहे, असे मानले तर तो हात कोणाच्या खांद्याला जोडलेला आहे हे प्रत्येक क्षणी सांगता आले पाहिजे. हतरूच्या उपकेंद्रातही आणि परतवाड्याच्या रात्रपाळीतही.